खोटी भरलेली वही

दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या आमच्या घरात माझं ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सात वर्षांच्या मुलीची शाळा. तिनं खुर्ची सरकवली की मी ओरडायचो. पेन्सिल पडली तरी ओरडायचो. क्लायंटशी मात्र मी लोण्याहून मऊ बोलतो, हे बायकोनं एकदा सुनावलं, तेव्हा तिच्यावरही ओरडलो.

एक जानेवारीला संकल्प केला, आता आवाज चढवायचा नाही. तो आठवडाभरही टिकला नाही. मग बायकोनं मला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे पिटाळलं, आणि त्यांनी थेरपिस्टकडे. महिनाभरानं नंबर लागला. वरच्या खोलीत दार लावून व्हिडिओवर बोलायचं. पहिल्याच भेटीत ती थेरपिस्ट म्हणाली, "एक वही करा. ओरडलात की लिहा, त्याच्या जरा आधी काय झालं होतं."

वही मी भेटीच्या पंधरा मिनिटं आधी भरायचो, सगळी मनानं. पहिल्या आठवड्यात सहा वेळा, दुसऱ्यात चार, मग दोन. शून्य लिहिलं असतं तर संशय आला असता, एवढी अक्कल होती. इतकी वर्षं दर शुक्रवारी ऑफिसच्या रिपोर्टात प्रोजेक्ट वेळेत चाललाय असं हिरव्या रंगात दाखवत आलो होतो, तेच इथे केलं. ती खूश झाली की मला पेपर सोपा गेल्यासारखं वाटायचं.

पाचव्या भेटीत ती म्हणाली, "इतकं छान चाललंय, तर पुढची भेट शेवटची ठेवू या." मी खुशीत खाली आलो. मुलीच्या हातून टेबलावर ताक सांडलं होतं, माझ्या कागदांवर. मी नुसता श्वास घेतला. तिनं दोन्ही हातांनी कान झाकले, डोळे घट्ट मिटले आणि तशीच उभी राहिली. माझ्या तोंडून अजून एक अक्षरही निघालं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या भेटीत सगळं कबूल केलं. वाटलं, ती चांगली झाडेल. झाडलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी तुमची मॅनेजर नाही. आजपासून खरं लिहू या."

खऱ्या वहीत त्या आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. जवळजवळ प्रत्येकीच्या आधी एक कॉल होता, ज्यात न जमणाऱ्या कामाला मी हसतहसत हो म्हटलं होतं. तिथला राग गिळायचो आणि टेबलाच्या त्या टोकाला ओकायचो. मग संकल्प लहान केला. कॉल संपला की आधी कालव्याच्या कडेनं एक फेरी, मग बोलणं. तोही मोडायचा. मोडला की मुलीची माफी मागायची, हे थेरपिस्टनंच ठरवून दिलेलं. पहिल्यांदा मागितली तेव्हा मुलीनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, "ओके" म्हणाली आणि निघून गेली. मला फार लागलं ते. लागायलाच हवं होतं.

वर्ष उलटलं. एकदा स्वयंपाकघरात काहीतरी फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं मुलगी आपणहून माझ्या खोलीच्या दारात आली.

"बाबा, ग्लास फुटला. आय ब्रोक इट."

"लागलं का तुला?" मी विचारलं.

तिनं मान हलवली, नाही. पण तिचा एक पाय अजून दाराबाहेरच होता.