आत्याची कढई दिल्लीला जाते

पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या सामानात कपड्यांपेक्षा लोखंड जड होतं. कारण दिल्लीतली सहा वर्षांची ईरा, माझ्या भाच्याची, निखिलची मुलगी. पोरगी धडधाकट, पण तपासणीत तिचं लोह अगदी काठावर निघालं. खाणं सुधारा, दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ईरा फोनवर रडली, "आत्याआजी, फिरसे सुई नको ना!" मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "मी येतेय. ही एकच, मग नाही."

नवी दिल्लीला मेट्रोच्या तपासणीत माझी पिशवी अडवली. आतून लोखंडी कढई निघाली.

"ये क्या है, माताजी?"

"पोती को लोहा खिलाना है."

"तो सब्ज़ी खिलाओ, कढ़ाई क्यों?" शिपाई हसला. अडाणी मेला, म्हणत मी पुढे झाले.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाहते तो काय, तव्यापासून पातेल्यापर्यंत सगळं नॉनस्टिक आणि फ्रिज दुधाच्या पिशव्यांनी भरलेला.

"बिल्कुल काळजी करू नकोस आत्या," निखिल म्हणाला. "रोज चार ग्लास फुल क्रीम पिते ती."

"अरे, मुलगी आहे की वासरू? दुधानं पोट भरल्यावर ती जेवणार कधी?"

दूध मी एका ग्लासावर आणलं. निखिल आणि सूनबाई ऑफिसला गेले की स्वयंपाकघर माझं. कढईत छोले, साग (मोहरीच्या पाल्याची भाजी), शिवाय अळिवाचे लाडू. "अळीव म्हणजे क्या?" म्हणत ईरा नाक मुरडायची. मग मी आमच्या घराण्याचा हुकमी उपाय काढला. शाळेतून आली की ताटाशेजारी बशीत गोड चहा. पोळी बुडवून खा, घासागणिक फुर्रकन घोट घे. ताट चाटूनपुसून साफ! दिल्लीकरांना मुलं जेववता येत नाहीत, असं मी पुण्याला फोनवरून सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी बाजारात ईरा शिकंजीसाठी (मसाल्याचं लिंबू-सरबत) हट्ट करायची. घसा धरेल म्हणून मी एकदाही घेऊ दिली नाही.

दोन महिन्यांनी सुई टोचली. ईरानं दात आवळून सोसलं, कारण ही शेवटची होती. रिपोर्ट आला. लोह जागचं हललं नव्हतं. मी लगेच दिल्लीच्या पाण्याला नावं ठेवायला सुरुवात केली.

डॉक्टरीणबाईंनी मला थांबवून ईराला विचारलं, "बेटा, खाने के साथ क्या पीती हो?"

"चाय! आत्याआजी बशीत देते," ईरा खुशीत म्हणाली.

"माताजी, साग-छोले का लोहा तो चाय ही रोक लेती है. खाने के साथ नींबू दीजिए. दो महीने बाद फिर देखेंगे."

पुन्हा बघायचं, म्हणजे पुन्हा सुई. ईराला ते माझ्या आधी कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजारातून येताना निखिलनं डझनभर लिंबं घेतली.

परतीच्या दिवशी सगळे स्टेशनवर आले. कढई त्यांनी ठेवून घेतली होती. मी ईराला जवळ घेऊन म्हटलं, "चुकलं गं बाळा माझं. पुढच्या खेपेला काय आणू?"

तिनं खरोखर विचार केला.

"आत्याआजी, नेक्स्ट टाइम फक्त लाडू पाठव. तू नंतर ये. सुई झाल्यावर."