दाल्मेशियाची रंगीत तालीम

दाल्मेशियाला जाण्यासाठी मी वैशाख शुद्ध दशमीला सकाळी सहा वाजता रत्नागिरीहून पायी निघालो. खांद्याला पिशवी, हातात छत्री. पिशवीत एक जुनी वही, पासपोर्टचा कोरा अर्ज, केळीच्या पानात बांधलेली घावने आणि पुडीभर करवंदे. कोपऱ्यावर शाळेचा शिपाई भेटला.

"एवढ्या सकाळी कुठं, मास्तर?"

"युगोस्लाव्हियाला."

"मग उन्हाच्या आधी पोचा," तो म्हणाला आणि दात घासत पुढे गेला.

वाचकांना थोडे समजावून सांगायला हवे. युगोस्लाव्हियाच्या पश्चिमेला एड्रियाटिक समुद्राच्या काठी जी चिंचोळी पट्टी आहे, ती दाल्मेशिया. तिच्यासमोर शेकडो बेटे आहेत. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. वीस वर्षे तो किनारा मी फळ्यावर डोळे मिटून काढत आलो. प्रत्यक्षात मात्र मी लांज्याचा माणूस. आमच्याकडे समुद्र नाही, आणि गुडघ्याच्या वर पाणी आले की मला रामरक्षा आठवते. माझी पत्नी इंदू मालगुंडापलीकडच्या वरवड्याची. चालायच्या आधी ती होडीत बसायला शिकली, असे तिच्या माहेरी सांगत.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी शाळेतला नकाशासंग्रह घरी आणला होता. इंदू डाळ निवडता निवडता पाने उलटत होती. एका पानावर तिने बोट ठेवले.

"अगंबाई, ही बेटं बघा. आमसुलं वाळत घातल्यासारखी दिसतात. इथं जाऊ या."

तेव्हापासून सलग अकरा उन्हाळे आम्ही तिथे जायचे ठरवत होतो. युरोपला जाणे हे बॅरिस्टर लोकांचे काम होते. ठरवायला कोणाची हरकत नव्हती. मुंबईहून मालाच्या बोटीने जायला-यायला महिना, मध्ये पाच दिवस बेटांवर, की मे महिन्याची सुट्टी संपली. ब्राच, ह्वार आणि कोर्चुला ही तीन बेटे नक्की झाली. इंदूने वहीत चार रकाने आखले: बेट, तिथी, भरती, खायचे काय. किनाऱ्यावरचे माणूस भरती पाहिल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. तेव्हा इंदू पंचांग घेऊन, पेन्सिल जिभेला लावून, ह्वारची भरती काढत बसे. आणि दरवर्षी काहीतरी अडे. त्या पाच दिवसांत तीन भरत्या सोयीच्या वेळी येतच नसत.

"यंदा काही जमत नाही हो," असे म्हणून ती वही मिटे. मी तोंड पाडून चहाचा दुसरा कप मागे. त्या पाडलेल्या तोंडामागे मला किती हलके वाटे, ते मी कोणालाच सांगितले नाही.

प्रत्येक वर्षाच्या पानाखाली माझ्या अक्षरात एक ओळ असे: 'कोर्चुलाची भरती नक्की किती वाजता? दाऊदचाचांना विचारणे.' दाऊदचाचा हे इंदूच्या माहेरचे शेजारी, सारंग (जहाजावरच्या खलाशांचे मुकादम). त्यांनी ती बंदरे पाहिलेली होती. "मी विचारते," इंदू म्हणे, आणि माहेरून आली की, "राहिलंच बाई."

गेल्या मार्गशीर्षात चार दिवसांच्या तापाने इंदू गेली.

फाल्गुनात लांज्याहून भाऊ आला. माझा थोरला भाऊ पंचांग पाहिल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाही. "शाळा उघडायच्या आत सामान घेऊन ये," तो म्हणाला. "लांज्यात शाळा आहे, तुझी खोली आहे. इथं एकटा समुद्राकडे बघत काय बसणार?" मी विचार करून कळवतो म्हटले. कळवायचे राहिले. एक दिवस वही उघडली, तेव्हा इंदूचे नेहमीचे बोलणे आठवले: "तुम्ही काय, पहिल्याच होडीवरून परत याल."

तेव्हा मी तालीम घ्यायचे ठरवले. तीन बेटांच्या जागी तीन खाड्या: शिरगावपुढची काळबादेवीची, मग आऱ्याची, शेवटी वरवड्याची. परत फिरलो, तर वही ट्रंकेत आणि मी लांज्याला. तिन्ही ओलांडल्या आणि चाचांनी भरतीची वेळ सांगितली, तर पासपोर्टचा अर्ज भरायचा.

दशमीची पाऊणपट साडेसात. सव्वासातला मी शिरगावच्या खाडीवर हजर होतो. पाणी काठोकाठ भरलेले, तर (खाडी ओलांडायची होडी) उभी. वहीच्या पहिल्या पानावर इंदूचे दोन नियम होते: होडीत डोळे मिटायचे नाहीत, आणि प्रत्येक बेटावर एका तरी अनोळखी माणसाला आपण होऊन नाव सांगायचे. दुसरा नियम मला पहिल्यापेक्षा अवघड. मी होडीत बसलो, दोन्ही हातांनी कड धरली आणि डोळे इतके उघडे ठेवले, की तरवाला घाबरला.

"बरं नाय वाटत, मास्तर?"

"बरं आहे. माझं नाव सदाशिव."

"असूंदे," तो म्हणाला. थोडे पुढे गेल्यावर म्हणाला, "आता ती कड सोडा. तुमी धरल्याव म्हणून ती तरंगत नाय."

समोरच्या बाईने पदर तोंडाला लावला. मी एक हात सोडला. दुसरा ब्राचला पोचल्यावर सोडला.

काळबादेवीची वाळू संपल्यावर चढण लागते आणि वर सडा (जांभ्याचा उघडा माळ) पसरतो. तिथून समुद्र नकाशात दिसतो तसा दिसतो, निळा आणि गप्प. काजूच्या झाडाखाली मी जेवण सोडले. वहीत 'ब्राच: खायचे काय' या रकान्यात ऑलिव्ह लिहिलेले होते. ऑलिव्ह आम्ही दोघांनीही पाहिलेले नव्हते. करवंदासारखे असेल असा इंदूचा तर्क होता. त्यापुढे तिने लिहिले होते: 'जेवून झोपणे. तिकडचे लोक झोपतात.' मी आज्ञाधारकपणे झोपलो.

ही चूक झाली. आऱ्याच्या खाडीवर पोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि खाडीतले पाणी निघून गेले होते. उरला होता चिखल, आणि मधोमध पाण्याची एक पट्टी. त्या पट्टीत होडी होती, होडीत तरवाला डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. मी काठावरच्या दगडावर बसलो. सहा तासांनी पाणी चढेल. तोवर परत काळबादेवीला जावे, तिथून शिरगाव, तिथून घर. लांज्याला माझी खोली उत्तरेकडे आहे, वारा बरा येतो. इतपत विचार झाला होता.

चिखलात एक म्हातारी वाकून कालवे (खाण्याचे शिंपले) काढत होती. तिने मान वर केली.

"होडी तुमच्याकडं येयाची नाय हो. तुमीच जावा तिच्याकडं."

"रुतायला होईल."

"थांबलाव तर रुताल. चालत ऱ्हावा." मग तिने मला नीट न्याहाळले. "कुठं जायचं हाय?"

"ह्वारला," मी खरे ते सांगितले.

"तिथं कोण हाय तुमचं?"

"कोणी नाही."

"मंग कशाला जाताव?"

 मी म्हटले, "बायकोनं सांगितलंय."

"मंग जावाच," म्हातारी म्हणाली. "नायतर घरी गेल्यावर ऐकून घ्याल."

मी वहाणा काढल्या, धोतर वर खोचले, पिशवी डोक्यावर धरली. तिसऱ्या पावलाला श्वास घ्यायला थांबलो आणि उजवा पाय पोटरीपर्यंत गेला. "चाला, चाला!" म्हातारी ओरडली. मी पाय उपसला आणि बदकासारखा भराभर चालत सुटलो. होडीत पडलो तो पालथा. तरवाल्याने माझे नाव विचारले नाही. मी चिखलाच्या तोंडाने आपण होऊन सांगितले.

मुक्काम गणपतीपुळ्याला केला. देवळाजवळच्या एका घरी जेवायची सोय होते. वाढणाऱ्या काकूंनी माझे चिखलाचे धोतर पाहून मला दारातच थांबवले आणि विहिरीची वाट दाखवली. आंघोळीनंतर मऊ भात, कुळथाचे पिठले आणि फणसाची भाजी मिळाली.

"यात्रेला आलात?" काकूंनी विचारले.

"नाही. बेटं बघत चाललोय."

"इथं कुठली बेटं?"

"तीच तर अडचण आहे."

काकूंनी पिठल्याची आणखी एक पळी वाढली. ज्याचे डोके ठिकाणावर नाही, त्याला निदान उपाशी ठेवू नये असा त्यात भाव होता.

दुसऱ्या दिवशी एकादशी. पाऊणपट सव्वाआठ. मालगुंड मागे टाकून मी वेळेवर वरवड्याला पोचलो. इंदूचे माहेर आता बंद आहे. माडांखालून जाताना मी त्या दाराकडे पाहिले नाही. खाडी भरून वाहत होती. होडीत मी कड धरली नाही. कोणाच्या लक्षात आले नाही, म्हणून मीच शेजारच्या गृहस्थांना सांगितले. ते म्हणाले, "छान."

दाऊदचाचा हल्ली खाडीपलीकडे धाकट्या मुलाकडे असतात. अंगणात सुंभाच्या बाजेवर बसून जाळे विणत होते. दाढी पांढरी, नजर अजून लांबची.

"या, या, जावईबापू! अगो, बघ कोण आयला. आमच्या इंदूचे मास्तर." सून पाणी घेऊन आली. मी उपासाचे बोलायच्या आतच तिने बशीत बसऱ्याचा खजूर आणून ठेवला. "आज तुमची एकादशी ना? हा चालतो. इंदूताई यायच्या तेव्हा हाच खायच्या."

चाचांनी जाळ्याची एक गाठ मारली. मग म्हणाले, "पोर चांगली होती." मी मान हलवली. मग वही काढली, पेन्सिल काढली आणि शाळेतल्या तपासनिसासारखा प्रश्न विचारला.

"चाचा, कोर्चुलाला भरती किती वाजता येते?"

चाचांच्या हातातली जाळ्याची सुई थांबली.

"खाडी वलांडून आलाव?"

"हो."

"स्वतः? होडीत बसून?"

"तीन ओलांडल्या."

"मग सांगायला हरकत नाय." त्यांनी सुई खाली ठेवली. "तिकडं भरती नाय, मास्तर."

"म्हणजे?"

"म्हणजे नाय. वीतभर चढतं, वीतभर उतरतं. होडी दाराशी बांधा, उद्या तिथंच तशीच. तिथी नाय, पाऊणपट नाय. कवापण निघा."

मी वहीकडे पाहिले. अकरा वर्षांच्या भरत्या, मिनिटांसकट, इंदूच्या सुबक अक्षरात.

"हे इंदूला माहीत नव्हतं," मी म्हटले.

"माहीत नव्हतं?" चाचा हसायला लागले. "तुमच्या लगनानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात याच बाजेवर बसून मी तिला सांगितलं. इतकी हसली, इतकी हसली, का खजुराची बी गिळली. मंग म्हणते, चाचा, आमच्या मास्तरांना बोलू नका. त्यांना पाण्याचं भ्या वाटतं, आणि तसं बोलायची शरम वाटते. भरतीचं निमित्त बरं हाय. मी म्हटलं, अगो, पण कधीच सांगायचं नाय? तर म्हणते, ते स्वतः खाडी वलांडून विचारायला आले, तर सांगा. तोवर नको."

त्या क्षणी मला आणखी एक गोष्ट आठवली. आठवीच्या भूगोलात धडा आहे, आणि मी तो दरवर्षी शिकवतो: भूमध्य समुद्र व त्याच्या शाखांना भरती-ओहोटी जवळजवळ नसते. हे मी मुलांकडून पाठ करून घेतो. सकाळी शाळेत ते शिकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन ह्वारची भरती काढायची, यात मला कधी काही विपरीत वाटले नव्हते. आणि ती समोर बसून, पेन्सिल जिभेला लावून, गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "नवमीला पावणेसात. छे बाई, पहाटे उठावं लागेल तुम्हाला."

मला रागवावेसे वाटले. त्याऐवजी हसू आले. हसू बराच वेळ टिकले, आणि मग ते हसू राहिले नाही. सून बशी उचलून आत गेली. चाचांनी जाळे पुन्हा हातात घेतले आणि गाठी मोजू लागले, मोजायच्या नसताना.

नंतर त्यांनी मला बरेच काही सांगितले. ऑलिव्ह कडू असते आणि करवंदासारखे अजिबात नाही. ह्वारच्या धक्क्यावर म्हाताऱ्या काळे कपडे घालून बसतात आणि आपल्या म्हाताऱ्यांसारख्याच येणाऱ्याजाणाऱ्यावर बोलतात. त्यांचा थोरला मुलगा मुंबईत मालाच्या बोटींवर आहे. त्या बोटींत चार-सहा उतारूंची सोय असते. "त्याला चिठी लिहितो. तुमी कागद करा," ते म्हणाले.

निघालो तेव्हा दोन वाजले होते. खाडी रिकामी झाली होती. होडी मधल्या पट्टीत, अलीकडे नुसता चिखल.

"थांबा की," चाचा म्हणाले. "सांजच्याला पाणी चढेल. तोवर पडा जरा."

"नको," मी म्हटले, आणि वहाणा काढल्या.

पिशवी डोक्यावर घेतली आणि उतरलो. चिखल आऱ्यासारखाच होता, थंड आणि लबाड. मी थांबलो नाही. मागून चाचांचा आवाज आला, "शाबास, लांज्याचं पाणी!" लांज्याला पाणी नाही हे त्यांना ठाऊक होते. होडीपाशी पोचून मागे पाहिले. माझ्या पावलांचे खड्डे एका रेषेत आले होते आणि एकेक करून भरत होते.

मोटारीने निवळीवरून रत्नागिरीला परतलो. कोपऱ्यावर शिपाई भेटला. "झाला युगोस्लाव्हिया?" त्याने विचारले. मी म्हटले, "अजून नाही. रंगीत तालीम झाली." घरी येऊन दिवा लावला, पासपोर्टचा अर्ज भरला. मग वहीचे नवे पान उघडून इंदूसारखे चार रकाने आखले. बेटे लिहिली. खायच्या रकान्यात लिहिले: ऑलिव्ह, कडू. भरतीचा रकाना तसाच सोडला.

इंग्रजांना जाऊन आठ-नऊ वर्षे झाली, तरी माझा नकाशा त्यांच्या वेळचाच, युगोस्लाव्हियाही त्यात जुन्याच रंगात आहे. तिथे आता काय असेल ते तिथे गेल्यावर पाहू. आमच्या अकरा उन्हाळ्यांच्या बेतात खरी म्हणावी अशी गोष्ट एकच निघाली: आमच्या दोघांपैकी एकाला सगळे माहीत होते. आता दोघांनाही आहे.

शेवटी भाऊला कार्ड लिहायला घेतले. दोन कार्डे फुकट गेली. तिसरे टाकले, ते असे:

'ती. भाऊंस सा. न. वि. वि. मी लांज्याला येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात युगोस्लाव्हियाला जात आहे. तिथी पाहिलेली नाही.'