चादरीखालचं मशीन

जगातली प्रत्येक मोडकी वस्तू माझ्या मावशीला टरकून असते, असं माझं ठाम मत आहे. शुक्रवार पेठेत राहणारी ही आईची धाकटी बहीण जेवण उरकलं की टीव्हीसमोर फतकल मारते आणि जुन्या गाड्या, घड्याळं, खुर्च्या नव्यासारख्या करणारे परदेशी कार्यक्रम बघत बसते. इंग्रजी ओ की ठो कळत नाही, पण गंज कळतो. एखादा गोरा कारागीर रंगाचा डबा उघडायला लागला, की ही शेंगांची चटणी कुटता कुटता ओरडते, "आरं ए, आदी घासून तर घे की! रंगाची लई घाई ह्याला!" हेच वाक्य तिनं एकदा नवरदेवाचा मेकअप बघून भर मांडवात ऐकवलं होतं.

बघून बघून ती स्वतःच दुरुस्तीला लागली. गल्लीतल्या इस्त्र्या, पंखे, पोरांच्या सायकली, काही म्हणून सोडलं नाही. दुरुस्ती फुकट, अट एकच. वस्तूवर सोलापुरी चादर टाकायची, मालकानं डोळे मिटायचे आणि चादर ओढली की मालकानं रडायचं. टीव्हीवर सगळे रडतात ना! पण इस्त्री बघून रडणार कोण? समोरच्या वहिनींनी बिचाऱ्यांनी डोळ्यांना पदर लावून बघितला, तर मावशी म्हणाली, "नाटकं करू नगा. पाणी कुटं हाय?" मग दोन दिवस हिरमुसली. एकदा तरी कुणाला खरंखुरं रडवल्याशिवाय मी काय मरत न्हाय, असा तिचा पणच होता.

आईचं शिलाई मशीन ती गेल्यापासून माझ्या गॅलरीत गंजत होतं. भंगारात देतोय म्हटल्यावर मावशी कडाडली, "भंगार तुजं डोस्कं!" आणि रिक्षात घालून घेऊन गेली.

भाऊबीजेला बोलावणं आलं. अख्खी गल्ली जमलेली. मावशीचं मन राखायला थोडं रडायचं, हे मी रस्त्यातच ठरवलं होतं. डोळे मिटले, चादर ओढली गेली. काळंभोर मशीन, चकचकीत चाक! शाबास म्हणायला तोंड उघडलं आणि सुईतला पोपटी दोरा दिसला. माझ्या लेकीचा परकर आईनं अर्धाच शिवला होता, त्याचा दोरा.

"सगळं खोललं, घासलं," मावशी म्हणाली, "रीळ तेवढं अक्काचंच ठिवलं. हुतं तसं परत ववलं."

मला हुंदकाच फुटला.

"रडला! रडला!" मावशीनं टाळ्या पिटल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या, वहिनींनी पेढे वाटले. "पुसू नगो रे, आनि जरा बगू दे की!"

गर्दी पांगल्यावर तिनं चाक हळूच फिरवलं. आतल्या खोलीत आई बसली असावी तशी खटखट सुरू झाली. बघतो तर मावशीच्या गालांवर पाणी.

"अगं, रडायचं ते मालकानं ना?"

"मग? माज्या लग्नाचा झंपर अक्कानं ह्याच्यावरच शिवला," ती म्हणाली. "अर्धी मालकीन मी बी हाय की."

आणि तिनं त्याच चादरीत तोंड लपवलं.