संथ गतीतली उडी

आई-बाबा वीटभट्टीवर चिखल मळायचे, तेव्हा मी भट्टीमागच्या राखेच्या ढिगात अनवाणी लांब उडी मारायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेही या उडीच्या जोरावर. विद्यापीठाच्या संघाच्या निवडीत मात्र माझ्या तिन्ही उड्या फाऊल झाल्या. दर वेळी पाय उडी घ्यायच्या फळीच्या पुढे. का, ते कुणी सांगितलं नाही. निवड घेणारे सर लाल झेंडा वर करायचे, एवढंच.

आता मी शाळेत खेळ शिकवते. काल आठवीतल्या रेश्माची फाऊल उडी मी मोबाइलवर टिपली आणि तिला संथ गतीत दाखवली. ती लगेच म्हणाली, "बाई, शेवटच्या पावलाला मी खाली फळीकडे बघते, म्हणून पाय लांब पडतो!"

एका मिनिटात कळलं तिला. शाबासकी तोंडाशी आली होती, पण खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. या मुलींना आपली चूक परत बघता येते. आमची चूक घडून जायची, आणि मागे उरायचा तो फक्त स्वतःवरचा राग.

"माझी पण उडी टिप गं," म्हणत मी रेश्माला मोबाइल दिला आणि ओढणी कमरेला बांधली.

"बाई, खड्ड्यात वाळू वाढवू का?" बाकीच्या पोरी खिदळल्या.

मी उडी मारली. फाऊल! रेश्मानं मोबाइल पुढे धरला. "बघा, तुम्हीसुद्धा खालीच बघता!"

मी पुन्हा मागे गेले, समोरच्या झाडाच्या शेंड्यावर नजर ठेवली आणि धावले. उडी जेमतेम तीन मीटर भरली, पण फाऊल नव्हती.