रेघावाली माशी शोधत लालबाग ते वडाळा

मंडळी, लग्नाचा होकार मिळवायला कोणी माशी शोधत फिरलंय का? मी फिरलोय! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांनी आमचं गिरगाव दणाणत होतं, त्या वर्षांतली ही सहल.

लालबागला मुलगी बघायला गेलो होतो. पोह्यांच्या बशीवर माशी बसली. "मधमाशी, मधमाशी!" एकच गोंधळ. मी ती अलगद मुठीत धरली आणि सुरूच झालो: ही चावत नाही, मधमाशीचं नुसतं सोंग आणते. घराणं एरिस्टॅलिनस. काहींच्या डोळ्यांवर ठिपके, काहींच्या रेघा. शाळा सातवीतच सुटली माझी, पण रद्दीतल्या एका कीटकांच्या पुस्तकाची पारायणं केली होती ना!

मुलगी, म्हणजे सुमन, पदराआड हसली. "ही ठिपक्यांची. रेघांची दाखवा, मग सांगते."

रविवारी तिच्या मालवणी मावशीच्या पहाऱ्यात निघालो. ट्रामने दादर. तिथे गारेगार पीयूष प्यायलो, मावशींनी शेवंतीची वेणी माळली, मग पायी वडाळा. तुम्ही जाणार असाल तर पावसाळा सरल्यावर, कोवळ्या उन्हात जा. चपला जुन्याच घाला. मिठागरांच्या बाजूला घाण पाणी साचतं, त्यातच या माशांच्या अळ्या शेपटीच्या नळीने श्वास घेत वाढतात.

"अरे झिला, माशी बघूक इतक्या लांब हाडलंस आमका?"

"मावशी, हे घराणं आफ्रिकेत आहे, युरोपात आहे, पार ऑस्ट्रेलियातही आहे!"

"आणि मुंबई कोणाची म्हणते ती?" सुमनचा टोमणा.

"सापडू दे, तिलाच विचारू."

उन्हं डोक्यावर आली. ठिपकेवाल्या ढीगभर, रेघावाली एक नाही. माझं तोंड उतरलं. बघतो तर सुमनचंही उतरलेलं! अहो, मी हुरूपाने आणखी दोन डबकी पालथी घातली.

परत वळलो तोच ती किंचाळली, "मावशी, हलू नको!"

वेणीवरच बसली होती बया! डोळ्यांवर चक्क रेघा. आम्ही दोघं दोन्हीकडून वाकलो आणि कपाळावर कपाळ आपटलं.

"बघलंस मा? मगे आता हो म्हण गो, माजी मान आखाडली!"

सुमन माशीवरची नजर न काढता म्हणाली, "हो."

माशी भुर्रकन उडाली. मुंबईचं विचारायचं राहूनच गेलं.

आता गिरगावात आमच्या गॅलरीत शेवंतीची कुंडी आहे. ऊन आलं की हाक येते, "अहो, आली बघा!" कुरकुरत्या गुडघ्यांनी धावतो. दोघंही वाकतो. कपाळांऐवजी हल्ली चष्मे आपटतात, एवढाच काय तो फरक.