दादाचे सत्तर किलो

त्या वर्षी सणाच्या तोंडावर आमचा दादा आमच्या डोळ्यांदेखत नऊ किलो झिजला आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही, कारण आम्ही सगळे आपापलं वजन बघण्यात गुंतलो होतो. हे सांगताना आजही मी आधी स्वतःच्या तोंडात मारून घेते, मग पुढचं बोलते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दादा वजनकाटे दुरुस्त करतो. घराची पुढची खोली आम्ही दोघांनी वाटून घेतली आहे. पडद्याच्या अलीकडे माझं शिवणयंत्र, पलीकडे त्याचे स्क्रू, स्प्रिंगा आणि पोट उघडून ठेवलेले काटे. त्याच्याकडे शिक्का मारलेली लोखंडी वजनं आहेत, वीस-वीसची तीन आणि दहाचं एक. किराणावाल्याचे, भाजीवाल्याचे काटे तो त्या लोखंडावरच लावतो, तिथे तो बापाचंही ऐकायचा नाही. पण माणसं उभी राहतात त्या काट्यांची गोष्ट वेगळी होती. वीस वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी हे सत्तर किलो लोखंड चढवताना त्याची कंबर धरली. जिन्यात बसल्याबसल्या त्याला सुचलं, की आपलं वजनही बरोबर सत्तर आहे. मग लोखंड कशाला न्यायचं? आपण वर जाणारच आहोत की!

झालं. तेव्हापासून माणसांचे काटे लावायला दादा स्वतःच वजन. काट्याचा शून्य नीट करायचा, वर उभं राहायचं, उतरायचं, स्क्रू पिळायचा, परत उभं राहायचं, काटा सत्तरवर आला की संपलं काम. वस्तीतल्या तीसेक घरांतले, व्यायामशाळेतला, दवाखान्यातला, सगळे काटे दादावर लावलेले. लोक म्हणायचे, याच्या शब्दाला वजन आहे. मी म्हणायची, शब्दाला कुठलं, ढेरीला आहे.

आणि त्याने ते सत्तर जपलंही कसं! सणासुदीला आम्ही हात मारायचो तेव्हा हा चमच्याने गोड मोजायचा. "माझं अर्धा किलो वाढलं तर अख्ख्या वस्तीचं बिघडेल," असं तोंड गंभीर करून सांगायचा. वहिनी कपाळावर हात मारायची. ती म्हणायची, "लग्न माणसाशी केलं का मापाशी, तेच कळत नाही मला."

तर त्या वर्षी. दादा पाण्याची बाटली सोडेना. पडद्यापलीकडून दिवसभर घटाघटा आवाज. पट्ट्याला त्याने खिळ्याने दोन नवी भोकं पाडली आणि म्हणाला, चामडं ताणलंय. जिना चढून आला की स्टुलावर बसून राहायचा आणि म्हणायचा, हवा जड झालीय. रोज सकाळी घरच्या काट्यावर चढायचा.

"सदुसष्ट दाखवतोय," तो म्हणायचा.

"मग वाळला असशील," वहिनी आतून म्हणायची.

"छे! स्प्रिंग थकलीय." आणि स्क्रू पिळून परत सत्तर. महिन्याभराने पासष्ट दाखवलं, तेव्हाही स्प्रिंगच थकली. वीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता, तेव्हा चूक काट्याचीच असणार. आम्हालाही ते पटलं, यात सगळं आलं.

सणाआधी पंधरा दिवस लोकांना काटा आठवतो. खायच्या आधी किती आणि खाल्ल्यावर किती, हे बघायची हौस. दादा दरवर्षीसारखा पिशवी घेऊन फेरीला निघाला आणि चार-पाच दिवसांत तीसही काटे लावून आला.

आणि वस्तीत हाहाकार माजला.

पहिली किंकाळी आमच्याच घरातली. वहिनी काट्यावर उभी, काटा एकोणसत्तरवर. ती साठची बाई. सण अजून दहा दिवस लांब, घरात साखरेचा दाणा नवीन आलेला नाही आणि बाईंचं सणाचं वजन वाढून मोकळं! बाजारात तुरी म्हणतात तसं. मग शेजारचा बेकरीवाला आला, एरवी ऐंशीचा, तो ब्याण्णव भरला होता. "मी स्वतःच्या बेकरीतलं काही खात नाही हो, मला माहितीये त्यात काय असतं," असं तो रडकुंडीला येऊन सांगत होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी काट्याला चादर घातली. व्यायामशाळेत रांग लागली. सणाच्या आठवड्यात वस्तीतल्या चुलींवर नुसत्या भाज्या उकडत होत्या, जिन्यात शिजलेल्या दुधी भोपळ्याचा वास, आणि लोक एकमेकांशी कचाकचा भांडत होते. उपाशी माणूस दुसरं काय करणार?

माझ्याकडे तर नुसती झुंबड. जो तो नवे कपडे परत घेऊन दारात. "सैल कर, नऊ किलो वाढलेय मी." आता आम्ही शिवणारे शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. माणूस सुटला की उसवायचं आणि माया सोडायची. मी टेप लावून बघितली. कंबर होती तेवढीच. एकीची नाही, दुसरीची नाही, कुणाचीच बोटभरही वाढलेली नाही.

"अहो, माप तेच आहे," मी म्हटलं.

"काटा खोटं बोलतो का? तुझी टेप सैल झालीय."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी पडद्याआडून दादाला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "बारके, कापडी टेप ताणते. लोखंडी स्क्रू ताणत नाही." बारकी मीच, दोन खुर्च्या लागतात मला, तरी लहानपणापासून बारकी. मी मूर्खासारखी नवी टेप विकत आणली. तिनेही तेच माप सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता माझे डोळे गेले. शेवटी वैतागून सगळ्यांची माया सोडून दिली. लोक पोत्यात घातल्यासारखे दिसायला लागले आणि मला दुवा देत घरी गेले.

दादा दवाखान्यातही जाऊन आला, खोटं कशाला बोलू. थकवा येतो म्हणून गेला. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. तो काटा दादानेच आठ दिवसांपूर्वी लावलेला. सत्तर! "तुम्हाला काय धाड भरलीय?" डॉक्टर म्हणाले. "मीच दहा किलोने वाढलोय. तुम्ही काय खाता, ते सांगा." आणि दादा त्यांना पथ्य समजावून घरी आला. रोगी डॉक्टरांना पथ्य देऊन आला, आणि आम्हाला त्याचं कौतुक!

सणाच्या आदल्या दिवशी भाची आली, दादाची मुलगी, जावयांना घेऊन. दारातच थबकली.

"बाबा, केवढे वाळलात! आजारी आहात का?"

"सत्तर आहे मी. बघ पाहिजे तर." आणि काट्यावर चढून दाखवलंही.

मग ती चढली. तिकडून निघताना सकाळी अठ्ठावन्न होती, इथे सदुसष्ट भरली. वहिनी हादरलीच. "अगं, चार तासांच्या प्रवासात नऊ किलो? काय खात आलात वाटेत?" जावई बिचारे म्हणाले, "मी तर एक केळं बघितलं फक्त." दादाने दोघांकडे असं बघितलं, जसा तो दांडी मारलेल्या काट्याकडे बघतो.

सणाच्या दुपारी आम्ही जेवायला बसलो. बेकरीवाला एकटा जीव, म्हणून त्याला बोलावलेला. गोडाचा डबा वहिनीने फडक्यात बांधून कपाटावर ठेवलेला आणि ताटात सगळं उकडलेलं. माझ्या हातचा नवा शर्ट घालून दादा बाहेर आला. दादाचं माप मी कधी घेत नाही, ते माझ्या हातात बसलंय, छाती चाळीस. तो आला आणि बेकरीवाला हसत सुटला. "ताई, तंबू शिवलात की! म्हटलं नव्हतं, टेप गेलीय तुमची?" सगळेच हसले. खांद्याची शिलाई दादाच्या दंडावर आली होती. तोही हसत होता.

माझं डोकं फिरलं. दहा दिवस मी टेपेच्या नावाने ऐकून घेत होते. उठले, गळ्यातली टेप काढली आणि दादाच्या छातीला लावली. छत्तीस. परत लावली. टेपेच्या आत, शर्टाच्या आत, बरगड्या हाताला लागत होत्या.

"दादा," मी म्हटलं, "तुझं लोखंड आण."

"कशाला?"

"आण म्हणते ना!"

त्याने वीसचं एक वजन आणून काट्यावर ठेवलं. काटा तेवीसवर. त्याच्या कपाळावर आठी पडली. दुसरं आणताना तो उंबऱ्याशी थांबला, आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा मी त्याला ते वजन खाली टेकवताना बघितलं. ते आणि उरलेली दोन वजनं जावयांनी आणली. मोजून सत्तर किलो लोखंड. काटा ऐंशीवर जाऊन उभा राहिला.

सगळे काट्यावर वाकले. आणि मग बेकरीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे मी वाढलोच नाही!" तो ओरडला. "ब्याण्णव नाही, ऐंशीच!" खुर्ची ओढली, वर चढला, डबा खाली काढला. वहिनी म्हणाली, "अगबाई, मग मी साठच!" भाची म्हणाली, "तरीच!" क्षणभर, देवाशपथ सांगते, त्या घरात लग्नघरासारखा आनंद झाला. डब्याचं फडकं सुटलं. मीसुद्धा मनातल्या मनात स्वतःचे किलो कमी करून घेतले, पापिणीने.

दादा तेवढा काट्याकडे बघत होता. आकडेमोडीला तो पहिल्यापासून पक्का. "ऐंशीचे सत्तर," तो पुटपुटला. "तर सत्तरचे... एकसष्ट." गिऱ्हाइकाचा काटा सांगावा तशा आवाजात त्याने ते सांगितलं.

बेकरीवाल्याचा घास हातात राहिला. वहिनीने पुढे होऊन दादाचं मनगट धरलं, आणि तिची दोन बोटं पलीकडे एकमेकांवर चढली. ती नुसती त्या बोटांकडे बघत राहिली.

"तीस घरं, बारके," दादा म्हणाला. "तीस घरांत मी खोटा काटा लावून आलो." आणि तो पिशवी शोधायला लागला. पिशवी! याला एकसष्टचं काही नाही, याला स्क्रू पिळायचेत!

"काटे गेले चुलीत!" मी अशी ओरडले की गल्लीत ऐकू गेलं असेल. "तू चाललायस दादा, तू! दुकान बंद करून चाललायस, आणि आम्ही इथे कंबरा मोजतोय!" मला रडू फुटलं. मला रडताना बघायची त्याला सवय नाही, म्हणून तो निमूट चपला घालायला लागला.

डॉक्टर सणाच्या दिवशी घरीच होते, दवाखान्याच्या मागे. तरी दादाने जावयांच्या गाडीत लोखंड घ्यायला लावलंच. दवाखान्याचा काटा आधी नीट केला, मगच त्यावर चढला. एकसष्ट. डॉक्टरांनी डोळे मोठे केले, तहान विचारली, बोटाला सुई टोचली. साखर एवढी चढलेली की त्यांच्या यंत्राला आकडाच सांगता येईना. वर्षभर गोड चमच्याने मोजणाऱ्या माणसाच्या रक्तात सगळ्या वस्तीची साखर! लगेच मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर गाडीपर्यंत आले, म्हणाले, "आणखी आठ दिवस गेले असते तर..." आणि गाडीचं दार लावलं. मग आत जाताना सरळ केलेल्या काट्यावर हळूच उभे राहिलेले मला दिसले. मी काय म्हणणार? माणूसच तो.

दादा अकरा दिवसांनी घरी आला. इंजेक्शन घ्यायला शिकला, वेळेवर जेवायला शिकला. तीसही काटे परत लावायचं त्याने ठरवलं, या वेळी लोखंडावर. जावयांनी सुट्टी वाढवून ते लोखंड प्रत्येक जिन्यावर वाहिलं. जिथे काटा खाली यायचा तिथे दादाला मिठ्या मारायचे लोक. एक बाई तर म्हणाली, "भाऊ, आजारी होतात ते बरंच झालं की." दादाने मान डोलावली. मी असते तर तिच्या चोळीची माया कापून टाकली असती.

तो तंबू शर्ट मी दोन्ही बाजूंनी आत घेतला. जास्तीचं कापड कापायला कात्री उचलली होती, पण परत ठेवली आणि सगळं आतच दुमडून शिवून टाकलं.

तीन-चार महिन्यांनी एका दुपारी पडदा बाजूला करून दादा उभा राहिला. तोच शर्ट अंगात. हात वर करून दाखवत म्हणाला, "बारके, काखेत काचतोय गं. टेप बघ तुझी एकदा."

मी टेप लावली. अडतीस.

"काटा किती म्हणतो?"

"पासष्ट. लोखंडावर लावलेला आहे," तो घाईघाईने म्हणाला.

शर्ट काढून घेतला, उलटा केला आणि दोन्ही बाजूंची एकेक शिलाई उसवली. डोळ्यांत पाणी होतं म्हणून दोरा नीट दिसत नव्हता, पण उसवायला काय लागतंय. दादा बनियनवर उभा राहून वाकून बघत होता.

"अजून आहे का आत?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "बक्कळ माया आहे. तू जेव."