कोरं पुस्तक आधी कुणी उघडायचं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सातपूरच्या आमच्या कॉलनीत बायकांची पुस्तकभिशी होती आणि तिचे नियम सोवळ्याओवळ्यापेक्षा कडक होते. दर महिन्याला चिठ्ठी निघायची. जिचं नाव निघेल तिनं मेनरोडच्या दुकानात जायचं आणि आमच्या आवडीच्या एका साहित्यिक प्रकाशकाची जी नवी पुस्तकं आली असतील, त्यांतलं एक आपल्यासाठी आणायचं. कादंबरी आणा, प्रवासवर्णन आणा, पाकक्रिया आणा, पण बांधणी पुठ्ठ्याचीच हवी. पातळ कव्हरचं पुस्तक चार घरं फिरलं की त्याची पानं सुटतात, हे आम्ही पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. आणि पुस्तक जिचं, तिनं ते सगळ्यांत शेवटी वाचायचं. "पंगतीत वाढणारी शेवटी जेवते," असं काकू म्हणायच्या. काकू मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. भिशी त्यांनीच सुरू केलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. पुस्तक सगळ्या घरांतून फिरून आलं की मगच मालकिणीनं पहिल्या पानावर आपलं नाव घालायचं. तोवर ते सगळ्यांचं.

मला हा नियम फार आवडायचा, कारण मी जात्याच नसत्या चौकशा करणारी. कोण कुठं बसून काय वाचतं, हे मला पानांवरून कळायचं. हळदीचा अंगठा दिसला की समजावं, खालच्या मजल्यावरची कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचते. मध्येच बसचं तिकीट सापडलं तर तो तिचा नवरा, पहिल्या पाळीला जाताना वाचणारा. चारचौघांत तो "आपल्याला असल्या पुस्तकांचा नाद नाही" असं सांगायचा. पाकक्रियेच्या पुस्तकात तर फक्त केकची पानं चिकटलेली होती, आणि आमच्या कॉलनीत ओव्हन कुणाकडेच नव्हता. याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर माझ्या शेजारणीचं नाव निघालं. ती निफाडकडची, कमी बोलणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. तिनं एक जाडजूड कादंबरी आणली, प्लास्टिकमध्ये सीलबंद. पुढच्या भिशीला ती मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "हे आधी माझ्या घरी उघडायचंय. मग न्या सगळ्या."

"नियम सगळ्यांना सारखा," काकू म्हणाल्या.

"हो काकू. पण आत्ता नाय देणार मी."

काकूंना नाही म्हणणारी ती पहिलीच. आपलं नवं पुस्तक आपणच आधी वाचावं, असं तिला वाटलं असतं तर मला कळलं असतं. पण ती ते वाचतही नव्हती. टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालावर ते तसंच बंद पडून होतं. वाचायची पहिली पाळी माझी, त्यामुळे मला चैन पडेना. मी विरजण मागायला गेले, चाळणी मागायला गेले, चाळणी परत द्यायला गेले. दर वेळी पुस्तक उचलून प्लास्टिकमधूनच मलपृष्ठ वाचायचे. डिसेंबर संपेपर्यंत ते मला पाठ झालं. पुढं कादंबरी वाचली तेव्हा वाटलं, मलपृष्ठच बरं होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं, "पुढच्या महिन्यात पुस्तक फिरायला निघालं नाही, तर तुझं नाव भिशीतून काढावं लागेल." तिचा चेहरा उतरला. नवरा सतत पाळ्यांवर, माहेर लांब. भिशी सोडली तर तिला दुसरं जाणं-येणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी चाळणीबिळणी न नेता तिच्याकडे गेले. ती मेथी निवडत होती.

"कुणासाठी राखून ठेवलंयस ते?"

"आईसाठी."

"आई वाचतात?"

"नाय ओ ताई. तिचा अंगठाच हाय." मग मेथी निवडता निवडता तिनं सांगितलं. तिची आई द्राक्षबागेत कामाला होती. दर जूनमध्ये बागमालकाच्या मुलीची जुनी पुस्तकं हिला मिळायची. पहिल्या पानावर त्या मुलीचं नाव असायचं. आपल्या पोरीनं दुसरीच्या नावाचं पुस्तक का वापरावं, म्हणून आई ब्लेडनं ते नाव खरवडून काढायची. एका वर्षी आईनं अंदाजानं सगळ्यांत मोठी अक्षरं खरवडली. पुस्तकाचं नाव गेलं आणि मालकाच्या मुलीचं राहिलं.

"वर्गात पोरी लय हसल्या. मी घरी येऊन आईवर ओरडले. मग रात्री ती म्हणली, एक दिवस कोरं पुस्तक आणू, कुणाचा हात नाय लागलेलं. ते मी उघडीन. नंतर माझी दहावी झाली, लग्न झालं, राहूनच गेलं."

"अगं, मग बोलावून घे ना त्यांना."

"बागांचा खुडा चाललाय. तो उरकल्याबिगर ती हलायची नाय."

मला गलबलून आलं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यात संक्रांतीचे दिवस. मी तडक काकूंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "नियम तो नियम" एवढंच म्हणाल्या. पुढच्या भिशीला मात्र त्यांनी पुस्तकाचा विषयच काढला नाही. त्याच्या पुढच्या भिशीलाही नाही.

पाडवा झाल्यावर शेजारणीची आई आली, पिशवीभर द्राक्षं घेऊन. शेजारणीनं मला बोलावलं, काकूंनाही बोलावलं. आईनं हात धुतले, पदराला कोरडे केले आणि नखानं प्लास्टिक फाडलं. पुस्तक उघडून नाकाशी नेलं.

"फवारणीवानी वास येतोय गं," ती म्हणाली. मग कोरं पान निरखून पाहिलं. "इथं कोणाचंच नाव नाय?"

"नाय."

"मंग तुझं घाल की."

शेजारणीनं काकूंकडे पाहिलं. मीही पाहिलं. काकूंनी पर्स उघडून आपलं पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं. "घाल," त्या म्हणाल्या. "फिरेल ते नाव घेऊनच फिरेल."

तिनं सावकाश नाव लिहिलं. आईनं शाई वाळू दिली आणि पान उलटलं. पुढच्या पानावर कादंबरीचं नाव होतं, चांगलं ठळक. आईचं बोट त्यावर थांबलं.

"आन् हे कोणाचं?"

"हे पुस्तकाचं नाव, आई."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "या येळेला नाय खरवडत."

शेजारीण हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. पुस्तक न्यायची पाळी माझी होती, पण त्या दिवशी ते मागायला माझी जीभ रेटली नाही.